चाकाला तेल कुणी घातलं?

कुईं.

घरात नुकती कुठे शांतता झाली होती. धाकटा ढब्बू दूध पिऊन पेंगला होता, थोरली जमिनीवर पालथी पडून चित्र रंगवत होती आणि आईने चहाचा पहिला घोट घेतला होता. तेवढ्यात कामावर निघालेल्या नवऱ्याने दारातली बाबागाडी बाजूला सरकवली, आणि शेपटीवर पाय पडल्यासारखं तिचं पुढचं चाक ओरडलं. ढब्बूने टक्क डोळे उघडले. चहा कपातच राहिला.

"तेल घाल म्हटलं होतं," ती म्हणाली.

"घालतो ना," नवरा बूट चढवत म्हणाला.

हा 'घालतो ना' त्या गाडीइतकाच जुना होता. पण आज तिला भांडायचं नव्हतं. आज ती दोन्ही मुलांना घेऊन एकटी मॉलमध्ये जाणार होती. या परक्या देशात आल्यापासून तिने प्रत्येक रस्ता नवऱ्याच्या पाठीमागून पाहिला होता. सुट्टीच्या दिवशी मिळून जाऊ, असं तो रात्रीपर्यंत म्हणत होता. सासूबाईंनी तर फोनवर बजावलं होतं, तिकडे म्हणे मॉलमधून मुलं पळवतात, डोळ्यांत तेल घालून बघ बाई. आज धड परत आली तर पुढे केव्हाही बाहेर पडायची मोकळीक. काही बिनसलं, तर 'तरी मी म्हणत होतो' ऐकत पुन्हा याच चार भिंती.

नवरा जाता जाता किल्ल्या विसरला म्हणून परत आला, दारात काहीतरी खुडबुडला आणि गेला.

मॉलमध्ये सुरुवात झकास झाली. थोरलीचे बूट मिळाले, तेही तिच्या पसंतीचे. हिला घरात सगळे मास्तरीण म्हणत, कारण ती येणाऱ्याजाणाऱ्याची चूक काढी. इथली भाषाही शाळेत जाऊन तिने आईच्या आधी उचलली होती. मग मुलांच्या खेळायच्या जागेपाशी थांबणं आलंच. बाहेर बाबागाड्या रिक्षा स्टँडवरच्या रिक्षांसारख्या ओळीने उभ्या होत्या. गावातल्या झाडून सगळ्या आईबापांनी त्या एकाच सेलमध्ये घेतलेल्या असाव्यात. तीच राखाडी गाडी, त्यावर तेच फुकट मिळालेलं राखाडी पांघरूण.

निघायची वेळ झाली तेव्हा ढब्बूने मऊ ठोकळ्याला मिठी मारून आभाळ डोक्यावर घेतलं. गाडीत बसेल तर शपथ. आईने त्याला गाठोड्यासारखं काखेत मारलं, दुसऱ्या हाताने गाडी ओढली आणि काढता पाय घेतला.

पुढच्या गुळगुळीत फरशीवर तिच्या लक्षात आलं, चाक ओरडत नाहीये. अजिबात नाही. रस्त्याच्या आणि दुकानाच्या गोंगाटात कळलं नसेल. म्हणजे सकाळी ते दारातलं खुडबुडणं! तिला एकदम भरून आलं. उगाच टोचून बोलले बिचाऱ्याला. उभ्या उभ्या तिने फोनवर लिहिलं, 'चाकाला तेल घातलंस? कमाल आहेस.' लगेच उत्तर आलं, 'अगं, त्यात काय.'

आणि तेवढ्यात मागून आवाज आला. कुईं.

"आई, आपलं चाक मागे ओरडतंय," मास्तरीण म्हणाली.

"आपल्या चाकाला बाबांनी तेल घातलंय. पुढे बघून चाल."

तिने स्वतः मात्र दुकानाच्या काचेत पाहिलं. मागे एक धिप्पाड दाढीवाला होता. एका हाताने रिकामी बाबागाडी ढकलत होता, दुसऱ्या खांद्यावर मूल होतं. त्याची नजर तिच्या गाडीवर खिळली होती. ती डावीकडे वळली, कुईं डावीकडे वळलं. ती लिफ्टने वर गेली. दार उघडून जरा दम खाते तोच शेजारच्या लिफ्टमधून कुईं बाहेर आलं. त्याने हात वर करून काहीतरी विचारलं. तिने चालण्याचा वेग वाढवला. अशांना उत्तर दिलं की संपलंच.

पण तिचा संशय पक्का झाला तो त्या मुलामुळे. ते जिवाच्या आकांताने रडत होतं, आणि दोन्ही हात पसरून झेपावत होतं ते थेट तिच्याकडे. स्वतःच्या बापाच्या खांद्यावरून कुठलं मूल परक्या बाईकडे असं झेपावतं? गाडी रिकामी, मूल रडतंय, माणूस घामाघूम. सासूबाईंचं एकेक वाक्य तिच्या कानात वाजायला लागलं.

जिन्यापाशी मॉलची गार्डबाई उभी होती. इथल्या भाषेतले दूध, पावती आणि केवढ्याला एवढेच शब्द तिला येत; तेवढ्या भांडवलावर तिने तक्रार केली. तो माणूस. ते मूल. त्याचं नाही.

गार्डबाईने दाढीवाल्याला अडवलं. दोघांचं बराच वेळ बोलणं झालं. तो एकदा मुलाकडे, एकदा तिच्या गाडीकडे बोट दाखवत होता. आईला त्यातलं काही कळेना. मास्तरीण मात्र तोंड उघडं टाकून ऐकत होती.

"काय म्हणतायत?" आईने हळूच विचारलं.

"ते म्हणतायत बाळ त्यांचंच आहे," मास्तरीण म्हणाली. "चोर तू आहेस."

गार्डबाईने आईच्या हातातल्या गाडीवरचं पांघरूण उचललं. खाली एक कान कुरतडलेला कापडी हत्ती. तो हातात पडताच त्या मुलाचं रडणं नळ बंद केल्यासारखं थांबलं. दाढीवाल्याच्या गाडीतल्या पांघरुणाखाली नवे बूट, ढब्बूची बाटली आणि सफरचंदाच्या फोडींचा डबा. आईला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. दाढीवाला मात्र हसत होता.

"ते म्हणतायत," मास्तरणीचं भाषांतर सुरूच होतं, "दोन मुलं घेऊन पळणारी चोर त्यांनी पहिल्यांदाच बघितली."

परतीच्या वाटेवर गाडी कुईं कुईं करत होती. आईने मास्तरणीला समजावलं, की प्रत्येक गोष्ट बाबांना सांगायलाच हवी असं नसतं.

संध्याकाळी, आधीच घरी पोचलेल्या नवऱ्याने दार उघडलं आणि विचारलं, "कसं झालं?"

"मस्त. काहीसुद्धा झालं नाही." तिने गाडी आत घेतली.

कुईं.

तिघांनी चाकाकडे पाहिलं.

"तेल जरा कमी पडलं वाटतं," नवरा म्हणाला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याला पकडायचं, तर दुपारी चाक गप्प कसं होतं तेही सांगावं लागणार.

"असेल," ती म्हणाली.

आता तो तिच्याकडे संशयाने बघायला लागला. खोटं पकडूनही ही गप्प बसली, असं आजवर झालं नव्हतं. दोघंही चाकाशी वाकून उगाचच ते फिरवून बघू लागली.

मास्तरणीने एकदा बाबांकडे पाहिलं, एकदा आईकडे.

"आई, आज मोठ्यांनी खोटं बोलायचा दिवस आहे का?"