धुतलेला मंडप

सुती कापडाचा धर्म जळण्याचा आहे आणि ते जळणार नाही असं लिहून देणं हा राज्यकारभाराचा धर्म आहे. दोघांनी आपापला धर्म पाळावा, एकमेकांच्या वाटेला जाऊ नये, म्हणजे समाजात शांतता नांदते. गुजरातच्या चरोतर भागातल्या अंबिकानगर सोसायटीत ती बरीच वर्षं नांदत होती आणि त्याचं श्रेय मंडपवाले त्रंबकभाई यांना जातं.

नवरात्रीच्या मंडपाचं कापड आगरोधक असलंच पाहिजे, असा नियम आहे. त्रंबकभाई नियमाबाहेर पाऊल टाकणारे नव्हेत. दरवर्षी भाद्रपदात ते मंडपाचं सगळं कापड टाकणखार आणि बोरिक पावडरच्या पाण्यात बुडवत आणि सावलीत वाळवत. अशा कापडाला काडी लावली तर ते काळं पडतं, पेट घेत नाही. इथवर सगळं शास्त्रशुद्ध होतं.

पण न धुतलेलं कापड माताजीच्या डोक्यावर चढत नाही, असाही एक नियम आहे आणि तो जास्त जुना आहे. म्हणून घटस्थापनेच्या आदल्या दिवशी त्रंबकभाईंच्या पत्नी मंछाबेन आणि शेजारच्या बायका तेच कापड नळाखाली खळबळून धूत. औषध पाण्याबरोबर वाहून जाई. (अंबिकानगरचं गटार आजवर एकदाही पेटलेलं नाही, याची नोंद घ्यावी.) दोन्ही नियम पाळले जात. कुठला आधी आणि कुठला नंतर, हे बघत बसायला सणासुदीला वेळ कुणाला असतो?

राहता राहिला नमुना. पंच्याएवढा एक पांढरा तुकडा, औषधात बुडवलेला पण कधीच न धुतलेला, कारण तो माताजीच्या डोक्यावर चढणार नव्हता. त्याला फायर खात्याचे निरीक्षक झालासाहेब काडी लावत. कड जराशी काळी पडे, साहेब मान डोलावून सही करत आणि प्रमाणपत्र कमानीवर लागे. एरवी हा तुकडा देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात असे. गावातले बाकीचे मंडपवालेही तोच उसना नेत. (परत येताना तो सोबत मोहनथाळ मिठाईचा डबा घेऊन येई.) सगळ्या गावाची अग्निसुरक्षा एका पंच्यावर उभी होती आणि पंचा ती निमूटपणे पेलत होता.

गेल्या अष्टमीला मंडपाची झालर दिव्याला लागली आणि पेटली. मंछाबेननी ती ओल्या पदरानं विझवली. त्रंबकभाईंनी कमानीवरचं प्रमाणपत्र पुन्हा एकदा वाचून पाहिलं. त्यात काही चूक नव्हती.

यंदा मात्र डोक्यावर पेटता गरबा, म्हणजे आत दिवा ठेवलेलं छिद्रांचं मडकं, घेऊन त्याच झालरीखाली उभी राहणार होती त्यांची नात, आठ वर्षांची जिनल. मंछाबेनच्या तोंडचं पाणी पळालं.

“जिनलचे दादाजी, यंदा आधी धुऊ, मग औषधात बुडवू.”

“धुतल्यावर औषधात? मग सोवळं काय राहिलं त्यात?”

“आणि पोरगी?”

“माताजी बघतील तिच्याकडे.”

“गेल्या वर्षी पण बघतच होत्या. विझवलं मी.”

प्रश्न गंभीर असल्यामुळे समितीपुढे गेला. अध्यक्ष व्रजलालकाकांनी हात वर करून मतं घेतली. शंभरातले शंभर लोक आगीच्या विरोधात निघाले. तेव्हा वेगळं काही करण्याची गरज नाही, असं ठरलं.

“बेन, प्रमाणपत्र मिळतंय ना दरवर्षी?” काका म्हणाले. “मग कशाला जीव जाळता? फाफडा घ्या.”

मंछाबेननी फाफडा खाल्ला आणि मंडप धुतला.

पहिल्या माळेला संध्याकाळी झालासाहेब काडेपेटी घेऊन आले. त्रंबकभाई नमुना आणायला घरी गेले, तर कप्पा रिकामा. हात हलवत परत आले तेव्हा सदरा घामानं भिजला होता.

“नमुना नाही? हरकत नाही,” साहेब म्हणाले. “मंडप आहेच की.” आणि त्यांनी झालर चिमटीत धरली.

त्रंबकभाईंची नजर जिनलकडे गेली. नवी ओढणी, कडेला आरशांच्या टिकल्या. टिकल्यांच्या आडून ओळखीची काळी कड दिसत होती. त्या क्षणी दोन्ही नियमांचा क्रम त्यांना लख्ख कळला.

“साहेब, थांबा. हा मंडप...”

व्रजलालकाका खाकरले. सगळी सोसायटी टिपऱ्या घेऊन खोळंबली होती.

“हा मंडप कशाला? नमुना सापडला,” त्रंबकभाई म्हणाले.

जिनलच्या डोक्यावरून ओढणी उतरवली गेली. काडी लागली. कड आणखी थोडी काळी पडली, पेटली नाही. टाळ्या पडल्या, सही झाली. मंछाबेननी ओढणी नवऱ्याच्या हातातून काढून घेतली आणि नातीच्या डोक्यावर पुन्हा नीट बसवली.

“हिला एक आहे,” त्या म्हणाल्या. “बाकीच्यांच्या पोरींना?”

तेवढ्यात ढोल सुरू झाला.

त्या रात्रीपासून त्रंबकभाई जिनलशेजारी पाण्याची बादली घेऊन उभे राहू लागले. का, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. लोकांना वाटलं, नवस असेल. मग बायका बादलीतलं पाणी तीर्थ म्हणून पोरांच्या डोक्याला लावू लागल्या. बादली रिकामी होई. (त्रंबकभाई भरून आणत. पुन्हा रिकामी होई.) पोरं मात्र चिंब राहिली आणि नकळत का होईना, मंडपात सर्वांत आगरोधक तीच होती.

नवरात्र पार पडलं, काही पेटलं नाही. त्यामुळे पद्धत बरोबर असल्याचं सिद्ध झालं आणि समितीनं त्रंबकभाईंना शाल दिली. त्यांनी ती घेतली, पण खांद्यावर घालवेना.

पुढं लग्नसराई सुरू झाली आणि मंडप तिकडे गेला. तुम्हीही अशा एखाद्या मंडपाखाली पानावर बसला असालच. कमानीवरचं प्रमाणपत्र तुम्ही वाचलं नसेल, पण वर पाहिलं असेल आणि शेजाऱ्याला म्हणाला असाल, “काय स्वच्छ कापड आहे हो.” स्वच्छ तर असणारच. खास तुमच्यासाठी धुतलेलं आहे.