वीज जिरवण्याचा दिवा

ज्या यंत्राचा दिवा लागतो ते यंत्र चालू असतं. याला पुरावा लागत नाही.

*

धोतराला खिसा नसतो.

*

जबलपूरच्या सिग्नल शाळेत रविवारी संध्याकाळी पाच वाजता कुणी नसतं. एक जण असतो.

*

रसाचा गूळ नेमका कोणत्या घटकेला होतो ते गुळव्याला कळतं. कसं कळतं, ते त्यालाही सांगता येत नाही.

*

लावलेला दिवा आपल्या हातानं विझवू नये. ‘विझवू’ असं म्हणूसुद्धा नये. तो आपोआप शांत होतो.

*

वरच्या गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. उंब्रजपासून दीड मैलावरच्या एका वाडीनं १९४७ साली, ऐन गुऱ्हाळाच्या हंगामात, तो जोडून दाखवला.

सयाजी लढाईत बिनतारी खात्यात होता. त्याचं काम खटका दाबून टिंबं आणि रेघा पाठवायचं. ब्रह्मदेशाच्या हद्दीवर एकदा त्याची तुकडी वाट चुकली. सयाजीनं मदत मागितली, पण तळावरच्या साहेबानं ही शत्रूची लबाडी आहे असं ठरवून टाकलं. तेव्हा कानाला फोन लावून बसलेला कडेगावचा नाथाजी म्हणाला, “साहेब, हात सयाजीचाच हाय. दर चौथ्या ठोक्याला लंगडतोय बगा.” गाड्या गेल्या. तुकडी परत आली. सयाजीही आला, ही गोष्ट त्याची बायको बयाबाई विसरली नव्हती.

लढाई संपल्यावर नाथाजी जबलपूरच्या सिग्नल शाळेत मास्तर झाला. निघताना तो म्हणाला होता, “परवाना मिळाला की सेट लाव. दर रविवारी पाच ते सव्वापाच मी कान लावून बसतो. पाडव्याला माजी बदली हाय, दर्यापार. तवर तुजा हात ऐकव एकडाव.”

(कार्डही टाकता आलं असतं. पण सयाजीचं अक्षर सयाजीलाच लागत नसे.)

परवाना मिळाला. सेटही लागला. पण त्याचा आवाज कऱ्हाडच्या पुढे जाईना, म्हणून जोर वाढवायला अँप्लिफायर बांधणं आलं. त्याची सामग्री येणेप्रमाणे:

व्हॉल्व्ह, दोन. लष्करी लिलावात हेल्मेटांच्या ढिगासोबत वजनावर मिळालेले.

तांब्याचं वेटोळं, नऊ वेढ्यांचं. मूळची गुऱ्हाळवाल्या लालासाहेबांच्या मोडक्या इंजिनाची तेलाची नळी. (सातवा वेढा चेपलेला. त्यावर बैलाचा पाय पडला होता.)

कंडेन्सर, फिरता. गंजलेला, पण फिरता.

मीटर. काटा आहे. काच नाही.

वीज वाडीत नव्हती. लालासाहेबांच्या गुऱ्हाळाला मात्र नवं तेलाचं इंजिन होतं. एक पट्टा चरकाला आणि एक डायनामोला, अशी सोय झाली. म्हणजे ऊस चालू तोवर वीज चालू.

यंत्र जुळवण्याची रीत सयाजीनं पाटीवर लिहून गुऱ्हाळाच्या मेढीला टांगली:

कलम १. एक हात खिशात ठेवावा. (सहाशे व्होल्टचा मामला. दोन्ही हात लागले तर वीज छातीतून जाते.)

कलम २. एरियल जोडू नये. तिच्या जागी साठ वॉटचा दिवा जोडावा. जुळणी होईपर्यंत सगळी वीज त्यात जिरवावी. (थोडी हवेत सांडते. सयाजीच्या अंदाजानं फार तर कृष्णेच्या पलीकडच्या काठापर्यंत.)

कलम ३. खटका दाबून कंडेन्सर फिरवावा. मीटरचा काटा खाली पडेल तिथं थांबावं. काटा उतरला की दिवा चढतो.

कलम ४. दिवा काढून एरियल जोडावी.

कलम ३ आणि कलम ४ यांच्यात पाच रविवार गेले.

पहिल्या रविवारी साडेचारला काम सुरू झालं. सयाजी खास खाकी चड्डी घालून आला होता. मदतीला उभ्या राहिलेल्या आप्पासो गुळव्यानं नियम मोडू नये म्हणून एक हात धोतराच्या कमरेत खोचला. काटा हलला. सयाजी फिरवत राहिला, पुढं गेला, मागं आला.

“घाई करू नगंस,” काट्यावर नजर रोखून आप्पासो म्हणाला. “हळू... आजून कच्चं हाय... आता! आता थांब गड्या, उतरीव!”

काटा पडला. दिवा लागला.

तेलाच्या चिमणीपलीकडे काही न पाहिलेल्या साठ-सत्तर माणसांनी एकदम हात जोडले. सयाजीनं त्यांच्या आधी जोडले. (दिवा लागला की हात जोडायचे, हे लष्करातही सुटलं नव्हतं.) मग तो कलम ४ कडे वळला आणि त्यानं दिव्याच्या तारेला हात घातला.

“आरं आरं आरं!” वाडीतली सगळ्यांत थोरली धोंडुबाई ओरडली. “लावल्याला दिवा काढतोस? शाना हायेस का खुळा?”

“आजी, दिवा नुसता वीज जिरवायला हाय. आता ती हवेतनं जबलपूरला जानार.”

“मग हितं काय ऱ्हानार?”

“काय न्हाई.”

“आन् तितं उजेड पडनार व्हय?”

“न्हाई. तितं नुसतं टक टक वाजनार.”

धोंडुबाईनं सगळ्या वाडीकडे एकवार पाहिलं. तिला काही बोलावं लागलं नाही.

सयाजीनं चुळबुळत खटक्यावर दोन-चार हात मारले, नाथाजीला मारायचे तेच. दिवा लुकलुकला. बायाबापड्या मागं सरल्या. “डोळं मिचकावतंय रं,” लालासाहेब म्हणाले, “बिगडलं का काय?” तेव्हा दिवा स्थिर राहावा म्हणून खटक्यावर वरवंटा ठेवण्यात आला. ही व्यवस्था उत्तम ठरली.

पुढच्या आठवड्यात ‘बिनतारी दीप व्यवस्थापक मंडळ’ स्थापन झालं. अध्यक्ष लालासाहेब, कारण इंजिन त्यांचं. तांत्रिक सल्लागार आप्पासो, कारण काटा त्यांना कळतो. सयाजीला आमंत्रित म्हणून घेतलं. मंडळानं पहिल्याच बैठकीत न्याय्य तोड काढली: दिवा कुणी काढायचा नाही, पण ऊस संपून इंजिन थांबलं की तो आपोआप शांत होईल. त्यात कुणाचा दोष नाही. मग सयाजीनं एरियल जोडावी, मंडळ इंजिन पुन्हा सुरू करील.

दुसऱ्या रविवारी चारच्या सुमारास ऊस संपत आला. तेवढ्यात दोन गाड्या आल्या. मग आणखी तीन. कुणाचा ऊस तर अजून महिनाभर तोडीला यायचा नव्हता, तोही आला. एकानं बांधावरची मक्याची ताटं आणली आणि चरकात घालून पाहिली. आपल्यामुळं दिवा शांत झाला असं नाव कुणालाच नको होतं. इंजिन साडेसातला थांबलं.

तिसऱ्या रविवारी आठला थांबलं.

मंडळाचा प्रगती-अहवाल: दिवा लागलेले तास, एकोणीस. दर्शनाला आलेली माणसं, चारशे अकरा. पाठवलेले निरोप, निरंक. (हा रकाना सयाजीच्या आग्रहावरून घातला होता. तो पुढच्या अहवालातून गाळला.) मलकापूरहून पाहणीला आलेल्या पाच जणांनी एवढं लख्ख बिनतारी यंत्र उभ्या जिल्ह्यात नसल्याचा शेरा दिला. त्यांतल्या एकानं, “ह्याच्यावर कुणाशी बोलता येतं का?” असं विचारलं. त्याला चहा देऊन गप्प करण्यात आलं.

चौथ्या रविवारी दिव्याला हार घातला. साठ वॉटच्या उष्णतेनं तो वाळला, म्हणून दर तासाला नवा घालायचं ठरलं.

आणि पाडव्याच्या आधीचा शेवटचा रविवार आला. सयाजी दुपारपासून एरियलची तार हातात घेऊन दिव्यासमोर बसला होता. पावणेपाचला बयाबाई गुऱ्हाळात आली. बाप्यांच्या बैठकीत ती कधी येत नसे.

“बसलाय काय?” ती नवऱ्याला म्हणाली. “काढा की त्यो दिवा.”

“आजी नगं म्हंत्यात.”

बयाबाईनं पदर सावरला आणि थेट धोंडुबाईपुढं उभी राहिली. “आवं आजी, ज्या मानसानं माज्या कपाळाचं कुकू पुसू दिलं न्हाई, त्यो तकडं कान लावून बसलाय. आज शेवटचा दिस. मी काढते दिवा. जे काय व्हायाचं ते माज्यावर हूंदे.”

धोंडुबाईनं दिव्याला एकदा हात जोडले. मग म्हणाली, “आगं मग हे आदी सांगायचं न्हाई का? मला वाटलं, निस्तं वाजवायचं हाय.”

सगळ्यांचं मन पालटलं. लालासाहेबांच्या डोळ्यांत तर पाणीच आलं. पण पूर्वीचा ठराव फिरवायचा तर नवा ठराव हवा, तो लिहून काढायला हवा, आणि सूचक-अनुमोदक नेमायला हवेत. अनुमोदनाचा मान मिळावा म्हणून सात जणांनी हात वर केले. सातांचीही भाषणं झाली, आणि प्रत्येकानं नाथाजीच्या उपकारांचा गहिवरून उल्लेख केला. ठराव एकमतानं मंजूर झाला. वेळ, पाच वाजून चाळीस मिनिटं.

सयाजीनं वरवंटा उचलला. दिवा गेला, एरियल जोडली गेली, कलम ४ पार पडलं. तासभर त्यानं हात दुखेपर्यंत ठोके मारले. ते जबलपूरपर्यंत गेले असतील. ऐकायला तिथं कुणी नव्हतं. इकडं दिवा गेलेला बघून लोक उठले आणि जाता जाता एकमेकांना म्हणाले, चांगलं यंत्र होतं, बिघडलं.

वाडी अडाणी होती, असं आता तुम्ही म्हणाल. म्हणा. पण पहिल्या रविवारी दिवा लागल्यापासून तुम्हीही तिकडंच बघत होता. ऊस किती आला, हार किती वाळले, सगळं तुमच्या ध्यानात आहे. त्या पाच रविवारांत जबलपूरला काय ऐकू आलं, हे तुम्ही एकदा तरी विचारलंत का?

पहिल्या रविवारी, पाच वाजून सात मिनिटांनी, नाथाजीनं वहीत लिहिलं होतं: सयाजीचा हात. लय बारीक. चौथा ठोका लंगडा.