रेमंड अंकलचा नव्याण्णव नंबर

रेमंड अंकल लागोपाठ दोनदा एकाच दारातून आत येत नाहीत. आमच्या वाचनालयाला तीन वाटा आहेत. पुढचं शटर, मागची लोखंडी जाळी आणि शेजारच्या झेरॉक्सवाल्याच्या दुकानातून निघणारी एक फट. अंकल सोमवारी शटरमधून आले तर मंगळवारी जाळीतून येणार, आणि बुधवारी झेरॉक्सवाल्याला पोट आत घ्यायला लावून फटीतून. आत आले की हात मागे बांधून उभे राहतात आणि बघतात, कोण ओळखतंय. तुम्ही मान वर न करता "कोण आहे?" म्हणालात की संपलं.

"पुढून आयलो की रेमंड, मागून आयलो की कोण हाय? दरवाजा बघून माणूस वळखतेस काय, पत्रक?"

पत्रक म्हणजे मी. माझं खरं नाव त्यांना पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, पण त्याच दिवशी मी त्यांच्या हातात माझं एक पत्रकही दिलं होतं. 'संगणक कुणाचा?' हे त्याचं शीर्षक. माझ्या वडिलांनी आयुष्यभर पत्रकं लिहिली, मी त्यांवरच अक्षरं गिरवली, आणि माणसाने वापरायचं यंत्र माणसाला उघडून बघता आलं पाहिजे, यावर माझा कुठल्याही देवापेक्षा जास्त विश्वास आहे. अंकलनी ते पत्रक उभ्याउभ्या वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "चांगला लिवलास. पण तुझा छापखाना कशाला बंद पडलाय?"

ही जखम तेव्हा ताजी होती. काशीगावातलं आमचं वाचनालय मी आणि नीलेशने उभं केलं. संगणकावर लिनक्स, म्हणजे कुणालाही उघडून बघता येणारी सिस्टम टाकायची, कंपनीची सिस्टम दारात उभी करायची नाही, असा ठराव मी भांडून मंजूर करून घेतला. मग कुणीतरी आम्हाला दोन जुनी यंत्रं दिली. एक पुस्तकावरच्या काळ्या रेघा वाचणारा स्कॅनर, आणि एक त्या रेघांची चिकटपट्टी छापणारा छोटा प्रिंटर. दोन्ही एकाच वेळी लावली की गोंधळ सुरू. संगणक सुरू होताना जो आधी जागा होईल त्याला पहिला नंबर मिळायचा, दुसऱ्याला दुसरा. आज पहिला स्कॅनर, उद्या पहिला प्रिंटर. मग चिकटपट्टीचा मजकूर स्कॅनरकडे जायचा आणि तो बिचारा नुसती शिट्टी मारायचा.

आमचे अध्यक्ष शहाकाका मनाने चांगले, पण त्यांना निकाल लागतो. "बेन, तत्त्व बराबर छे. पण स्टिकर किधर छे?" असं ते रोज विचारायचे. शेवटी त्यांनी जाहीर केलं, की वार्षिक सभेपर्यंत स्टिकर निघाला नाही तर त्यांचा भाचा येऊन कंपनीची सिस्टम टाकून जाईल. म्हणजे माझा ठराव, माझं पत्रक आणि माझं नाक, तिन्ही एका चिकटपट्टीवर येऊन थांबलं होतं.

नीलेशने कुठून तरी अंकलना शोधून आणलं. राहणार उत्तनजवळच्या डोंगरीत, पूर्वी बोटीवर रेडिओ ऑफिसर. बसने भाईंदर, तिथून दुसऱ्या बसने काशीगाव. अंगात इस्त्रीचा शर्ट, गळ्यात काळी दोरी, आणि दोरीचं दुसरं टोक शर्टाच्या आत. विनय नावाची गोष्ट त्यांनी बोटीवरच कुठेतरी उतरवून ठेवली असावी. खुर्चीत बसता बसता म्हणाले, "उत्तनपासून वसईपर्यंत इचार, या कामात रेमंडच्या वर कोण न्हाय."

मग त्यांनी संगणकाला दोन्ही यंत्रांची ओळख विचारली. प्रत्येक यंत्राच्या पोटात बनवणाऱ्याचा क्रमांक असतो आणि त्याचा स्वतःचा एक वेगळा क्रमांक असतो. अंकलनी एक छोटी फाइल लिहिली. या क्रमांकाचा कुणी आला, तर तो कुठल्याही भोकातून येवो, कितीही उशिरा येवो, त्याला 'स्कॅनर' म्हणायचं. त्या क्रमांकाचा आला तर 'प्रिंटर'. लिनक्समध्ये याला रूल म्हणतात, नियम. नियम लिहून झाल्यावर अंकल म्हणाले, "काढ, परत लाव."

नीलेशने दोन्ही वायरी काढल्या, उलटसुलट लावल्या. चिकटपट्टी निघाली. शहाकाकांनी ती स्वतःच्या मनगटावर चिकटवून घेतली.

त्या दिवसापासून माझं वाचनालय माझं राहिलं नाही.

नियमांच्या फाइलींना नंबर असतात आणि संगणक त्या नंबराने वाचत जातो. नंतरच्या नंबरचा नियम आधीच्याचं म्हणणं खोडू शकतो. म्हणून अंकलनी आपली फाइल नव्याण्णव नंबरची ठेवली होती. ठीक आहे, संगणकात ठेवली. पण आमच्या बैठकीतही तेच. सगळे बोलून होईपर्यंत डोळे मिटून बसायचे. मी पाऊण तास घसा कोरडा करून विषय मांडायचा, आणि ठराव होणार एवढ्यात एक डोळा उघडून, "थांबा. माझा नंबर नव्याण्णव." मग ते दोन वाक्यं बोलणार, आणि नीलेश त्या दोन वाक्यांचा ठराव लिहून घेणार. माझा हा मित्र शाळेपासून माझी पत्रकं वाटत आलाय. त्याने माझ्या एकाही वाक्याचा ठराव एवढ्या वेगाने लिहिलेला मला आठवत नाही.

'काढ, परत लाव' तर सगळीकडे पसरलं. एकदा वर्तमानपत्रांच्या मांडणीवरून माझं आणि नीलेशचं कडाक्याचं वाजलं. अंकलनी मला दंडाला धरून बाहेर नेलं, शटर ओढलं, पुन्हा उघडलं आणि म्हणाले, "आता ये. नव्याने आयलीस." रस्त्यावरचे दोन रिक्षावाले बघत होते. आत सगळे हसले, नीलेशही हसला, आणि संताप असा की भांडण खरंच मिटलं. घरी आले तर आई मिक्सरचा प्लग काढून परत लावत होती आणि स्वतःशी म्हणत होती, "काढ, परत लाव." माझ्या आईने माझं एकही पत्रक शेवटपर्यंत वाचलेलं नाही. अंकलसाठी मात्र ती सुकटीची चटणी बांधून देते.

मी जळत होते, हे लपवण्यात अर्थ नाही. रात्रंदिवस माणसांना समजावून जे मला जमलं नाही, ते या गृहस्थांनी एका चिकटपट्टीवर जमवलं. लोक मुक्त सॉफ्टवेअरच्या बाजूने आले होते, पण तत्त्व पटून नाही, रेमंड अंकल आवडून. हे मला मान्य नव्हतं. चळवळ एका माणसावर उभी राहिली की ती चळवळ राहत नाही, असं माझ्या वडिलांनी लिहून ठेवलंय. त्याचा आधार घेऊन मी ठरवलं, की सभेच्या दिवशी जो नियम चालेल तो माझा असेल.

नियम लिहायला मला दोन दुपारी लागल्या. अंकलची फाइल मी पुसली नाही, माझ्या तत्त्वात ते बसत नाही. पण शेवटचा शब्द माझा हवा होता. त्यांची फाइल नव्याण्णव रेमंड. मी माझीही नव्याण्णवच ठेवली, नाव दिलं स्वातंत्र्य. रेमंडच्या आर नंतर स्वातंत्र्याचा एस येतो. त्यामुळे त्यांच्या नियमानंतर माझा वाचला जाणार आणि माझी नावं त्यांनी दिलेली नावं खोडणार. प्रिंटर लावून पाहिला, चालला. मग मी दिवे बंद करून घरी गेले आणि बऱ्याच दिवसांनी नीट जेवले.

सभेला माणसं बरी जमली होती. शहाकाका स्कॅनर हातात माइकसारखा धरून बसले होते. नीलेशने दोन्ही यंत्रं लावली. मी पुढे होऊन एक पुस्तक उचललं, तत्त्वावर चार वाक्यं बोलले आणि बटण दाबलं.

शहाकाकांच्या हातात शिट्टी वाजली. प्रिंटर ढिम्म.

पुन्हा दाबलं. पुन्हा शिट्टी.

"बेन," शहाकाका सावकाश म्हणाले, "ये तो मेरे हाथ में गा रहा है. स्टिकर किधर छे?" मागून कुणीतरी म्हणालं, "भाच्याला फोन लावा." शहाकाकांनी खरंच मोबाइल काढला. मला वाटलं, शेवटी माझ्याच हाताने मी कंपनीला दार उघडून दिलं.

मागच्या रांगेत अंकलचा एक डोळा उघडला. ते उठले, स्क्रीनसमोर बसले, फाइलींची यादी काढली. त्यांच्या नावाखाली माझं स्वातंत्र्य लखलखत होतं. त्यांनी ती फाइल उघडली आणि वाचताना त्यांच्या मिशा हलल्या. मी शेजारीच उभी होते. ते माझ्यापुरतं पुटपुटले, "आडनाव बघून नाव ठेवलास. अर्ध्या डोंगरीचं आडनाव एकच हाय, पत्रक. सगल्यांनाच प्रिंटर म्हणशील काय?"

तेव्हा मला कळलं. दोन्ही यंत्रांच्या वायरीतली चिप एकाच कारखान्याची होती. मी कारखान्याचा क्रमांक लिहिला होता, यंत्राचा स्वतःचा नाही. माझ्या नियमाने दोघांनाही प्रिंटर करून टाकलं होतं.

सभा वाट बघत होती. बढाईखोर माणसाला याहून चांगली संधी मिळत नाही. मी मनातल्या मनात त्यांचं वाक्य तयारही केलं होतं, आणि त्याला द्यायचं उत्तरही.

अंकल वळले आणि मोठ्याने म्हणाले, "चूक माझी हाय. नियम बदलला आणि परत लावाया इसरलो. वय झाला." मग त्यांनी माझ्या फाइलीतली एक ओळ बदलून तिच्या दोन केल्या, वायरी काढल्या, परत लावल्या. चिकटपट्टी निघाली. शहाकाका हसत सुटले. "अंकल, आप भी भूलते हो?" सगळी सभा हसली. अंकलही हसले, पण शर्टाची कॉलर उगाच नीट करत राहिले. ठराव झाला, लिनक्स राहिलं. त्या दिवशी ते शेवटी बोलले नाहीत. नव्याण्णव नंबर रिकामाच गेला.

आता मला त्यांच्या मनाच्या मोठेपणाचाही हेवा वाटू लागला, आणि हे फारच झालं. मी कुणाच्या दयेवर जगणारी नाही. माझी चूक माझी आहे, ती परस्पर उचलून नेण्याचा अधिकार त्यांना कुणी दिला? हे तोंडावर विचारायला रविवारी सकाळी मी डोंगरीची बस पकडली.

त्यांचं घर सापडेपर्यंत ते स्वतःच समोरून आले. हातात भाजीची पिशवी, चपला धुळीने पांढऱ्या. मला बघून त्यांनी भुवया उचलल्या. "आयलीस? थांब जरा. आधी मला घरी येऊ दे."

मला अर्थ लागला नाही. त्यांनी कुलूप काढलं, पिशवी ठेवली, आणि गळ्यातली काळी दोरी शर्टातून बाहेर ओढली. तिच्या टोकाला एक जुना पेनड्राइव्ह होता. मी इतके दिवस समजत होते की क्रॉस असेल. क्रॉसही होता, शेजारीच. खिडकीपाशी संगणक चालू होता. अंकलनी उभ्याउभ्या ड्राइव्ह त्यात खोचला.

संगणक खरखरीत, चपट्या आवाजात म्हणाला, "आयलास काय. पाय धू."

आणि अंकल मुकाट्याने मागच्या मोरीवर गेले. पाण्याचा आवाज आला. एवढ्या मोठ्या तोंडाचा माणूस, पण एक शब्द उलट बोलला नाही.

टॉवेलने पाय पुसत ते आले. मी संगणकाकडे बघतेय हे त्यांनी पाहिलं. "सेलिन असा म्हणायची," ते म्हणाले. सेलिन म्हणजे त्यांची बायको. तिचा फोटो भिंतीवर होता, खाली छोटा दिवा. "आवाज तिचा न्हाय. तिचा आवाज कुठला एवढा वाईट. शब्द तिचे हायत. मी बोटीवरून आयलो काय, बाजारातून आयलो काय, तिचा पहिला सवाल तोच. आता कोण इचारणार? म्हणून एक रूल लिवला."

मी भांडायला आले होते. वाक्यं तयार होती. त्याऐवजी मी पिशवीची चेन उघडझाक करत बसले.

"तुझा ड्राइव्ह हाय काय?" त्यांनी विचारलं.

तो माझ्या पिशवीत नेहमीच असतो, त्यात माझी सगळी पत्रकं आहेत. मी काढून दिला. त्यांनी घेतला नाही. "तूच लाव."

मी लावला.

"पत्रक आयली काय. पाय धू."

मी विचारलं, "माझा क्रमांक कुठून मिळाला?"

"वाचनालयात लावतेस की. तवाच बघून ठेवला."

मग माझ्या तोंडून तेच निघालं, जे निघायला नको होतं. "नीलेशचा पण आहे का?"

"न्हाय."

"शहाकाका? आई?"

"कोणाचाच न्हाय. तुझा आणि माझा." ते पिशवीतून कांदे काढून परडीत ठेवत होते, माझ्याकडे बघत नव्हते. "त्यांना मी आवडतो. आवडणारी माणसं डोंगरीपर्यंत कवा येतात? मी तिथं गेलो की त्यांचं काम भागतं. तू मला बघून जळतेस. मी म्हटला, ही कवातरी भांडाया तरी येईल."

बाहेर कुणाची तरी स्कूटर गेली. अंकलनी एक सडका कांदा बाजूला काढला. मी ड्राइव्ह उपसला आणि खात्री करायची म्हणून दुसऱ्या बाजूच्या भोकात लावला.

"पत्रक आयली काय. पाय धू."

"बग," अंकल समाधानाने म्हणाले. "दरवाजा बदलला तरी वळखली."

मी चपला काढल्या आणि मोरीकडे गेले.