सोपानभाऊंची शिदोरी

घराबाहेर पडताना आमचे शेजारी सोपानभाऊ उंबऱ्यात उभे राहून दोन्ही खिसे उलटे करतात. जे निघेल ते घरात ठेवतात आणि मोकळ्या हातांनी चालू लागतात. “वझं कशाला, राव?” हे त्यांचं ब्रीदवाक्य. आहुप्याच्या देवराईत गेलो तेव्हा हे गृहस्थ पाण्याची बाटलीसुद्धा न घेता आले आणि माझ्या बहुतेक भाकरी खाऊन सावलीत आडवे झाले. “आमचा आजा मेंढरं घिऊन पार कोकणात जायचा,” डोळे मिटून म्हणाले, “खांद्याव निस्ती घोंगडी.” आजोबा भाकरी कुणाच्या खात, हे विचारायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

सोपानभाऊ वारूळवाडीतल्या आपल्या ओसरीत बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी प्रोग्रॅम लिहितात. माझी टोमॅटोच्या रोपांची नर्सरी, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण संध्याकाळचं पिवळं ऊन ओसरीत शिरतं, वहिनी चहा आणतात आणि सोपानभाऊ लॅपटॉपवरच्या मीटिंगमध्ये कंपनीतल्या पोरांवर ओरडत असतात, ते ऐकत बसायला मला फार आवडतं. अर्धवट झोपेत गोष्ट ऐकल्यासारखं वाटतं.

“फंक्शन म्हंजी प्रोग्रॅमचा येक कामकरी तुकडा, घरातलं पोरगंच समजा,” ते सांगतात. “कामाला भाईर निघालं की घर त्याला शिदोरी बांदून देतं. ह्येलाच क्लोजर म्हणत्यात. लई मायेची गोष्ट हाय. पर तुमी काय करता? येका भाकरीसाठी अख्खी चूल बांदून देता! आन लूपमदी दर फेरीला नवं पोरगं, नवी शिदोरी! मशीन दमंल का न्हाई?”

एकदा आतून वहिनींनी मीठ कुठे ठेवलंय म्हणून विचारलं.

“प्रोग्रॅम हुडकतो तसं हुडक. आदी हाताशी बघ, मग घरात, मग अंगणात. जितकं लांब हुडकशील तितका उशीर!”

“मग आज अळणीच खावा,” वहिनी म्हणाल्या.

पोरांवर रागावून झालं की सोपानभाऊंचा आवाज खाली येतो. “पोरगं भाईर हाय तवर त्याचं घर पाडता येत न्हाई. मशीनच्या मेमरीत येक झाडूवाली फिरती. ज्याला कुणीच धरलेलं नसतं, त्येवढंच ती झाडून नेती.”

यंदा त्यांनी जुनं घर पाडून स्लॅबचं बांधायला काढलं. कपाटं गेली, पलंग गेले, वडिलांची आरामखुर्चीही गेली. वझं कशाला? जेसीबी आला, पुढच्या खोल्या पडल्या. परसातल्या खोलीपाशी मात्र सोपानभाऊ वाट अडवून उभे राहिले.

ती धाकट्या भावाची, संतूची खोली. काही वर्षांपूर्वी आजोबांपासूनची घरची मेंढरं विकायची ठरली तेव्हा दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. “मेंढरांचं वझं कशाला?” असं सोपानभाऊ म्हणाले आणि संतू खोलीला कुलूप लावून निघून गेला. त्यानंतर ना फोन, ना निरोप.

“किल्ली त्याच्या खिशात हाय,” सोपानभाऊ जेसीबीवाल्याला म्हणाले. “ह्ये पाडता यायचं न्हाई.”

वहिनींनी तोंडाला पदर लावला. मी हळूच म्हणालो, “भाऊ, त्याने किल्ली कधीच फेकून दिली असली तर?”

त्यांनी कुलपावरून अंगठा फिरवला.

“मेमरीतल्या झाडूवालीला कळलं असतं,” ते म्हणाले. “मला कसं कळंल, राव?”

नवं घर त्या खोलीला वळसा घालून उभं राहिलं. गवंडी अजून हसतात. मला हसू येत नाही.

परवा बाजाराला निघालो, तर नव्या उंबऱ्यातही सोपानभाऊंनी खिसे उलटे केले. एका खिशातून शिलाई मशीनच्या तेलाची इवलीशी बाटली निघाली. ती त्यांनी घरात ठेवली नाही. मला थांबायला सांगून परसात गेले आणि संतूच्या कुलपात तेलाचे दोन थेंब सोडले.

“गंजाय नगं,” बाटली पुन्हा खिशात घालत म्हणाले. “आला तर त्याची किल्ली फिरली पायजे.”