डेगचीच्या बुडावरची शाळा

माणसं गोळा करणं ही काही अवघड गोष्ट आहे, असं मला कधी वाटलंच नव्हतं. मी मॉरिशसमधल्या मोकातल्या सरकारी कचेरीत कारकून. सकाळी खिडकी उघडायची, की समोर रांग उभी. त्यातल्या एकालाही मी कधी बोलावलं नव्हतं, आणि मी कितीही खेकसलो तरी दुसऱ्या दिवशी ती परत येत. तेव्हा छप्पन्न साली आमच्या सें पिएर गावात मोठ्या माणसांसाठी मराठीचा वर्ग काढायचं ठरलं आणि ‘मास्तर कोण होणार?’ असा प्रश्न आला, तेव्हा मी हात वर केला. (आमच्या घरात हात वर करण्याआधी विचारायची पद्धत आहे. ती मी त्या दिवशी विसरलो.)

वर्ग दर शनिवारी दुपारी दोन वाजता, बैठकेत. बैठक म्हणजे गावाची पत्र्याची खोली. भजन तिथे, पंचायत तिथे, गणपतीचं मखरही तिथेच माळ्यावर ठेवलेलं. पोर्ट लुईच्या मराठी मंडळाने पुस्तकं पाठवली आणि सोबत एक अट घातली. जुलैत परीक्षा होईल. परीक्षेला निदान दहा जण बसले पाहिजेत. कमी बसले तर परीक्षा रद्द आणि वर्गही बंद.

पहिल्या शनिवारी तेवीस जण आले. मी ‘शिक्षणाचे महत्त्व’ या विषयावर बोललो. वेळ पुरला नाही म्हणून दुसऱ्या शनिवारीही बोललो. तिसऱ्या शनिवारी समारोप केला. चौथ्या शनिवारी पाच जण उरले. त्यातले दोघे पाऊस आला म्हणून आत शिरले होते आणि एक माझी बायको होती.

तिचं नाव विद्यावती. माहेरी, ग्रां बुआ गावातल्या शाळेत ती जेमतेम दोन वर्षं गेली, मग पाठच्या भावंडांना सांभाळायला घरी बसली. वर्ग बंद पडेल असं मी तिला सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, “अहो, माझ्या नावाचा कागद आजवर एकच झाला. आपल्या लग्नाचा. त्याच्यावर तुम्ही सही केली नि मी अंगठा लावला. नाव विद्यावती, आणि अंगठा. लग्न नोंदवणारा सिव्हिलचा साहेब हसला होता.”

“मला आठवत नाही,” मी म्हणालो.

“तुम्ही पण हसला होता.”

मला खरंच आठवत नव्हतं, आणि तेच जास्त वाईट होतं. बारा वर्षं ते ती मनात ठेवून होती. ती परीक्षा मला घडवून आणायलाच हवी, असं मी त्या क्षणी ठरवलं. माझी लाज तरी थोडी कमी झाली असती.

मग मी दारोदार फिरलो. पण ‘वर्ग’ हा शब्द तोंडातून निघाला, की पुढच्या दाराने मी आत आणि मागच्या दाराने घरधनी उसाच्या शेतात. हरिप्रसाद काका तर मला बघूनच कुत्रा सोडायचे. तेव्हा मला माझ्या बापाचं बोलणं आठवलं: हळदीच्या तांदळाला कुणी नाही म्हणत नाही. मोठ्या कार्याचं आमंत्रण आमच्याकडे चिठ्ठीने होत नाही. घरातल्या माणसाने हळद लावलेले तांदूळ घेऊन दारोदार जायचं, चिमूटभर हातावर ठेवायचे. ज्याच्या हातावर पडले तो येतोच. मी म्हटलं, हेच करू. वर्गाचं नाव काढायचंच नाही. नुसतं म्हणायचं, ‘शनिवारी दोन वाजता बैठकेत या. आमच्याकडे चांगलं काम आहे. विद्यावतीची फार इच्छा आहे.’

(कचेरीत माझ्या हुशारीची कुणी कधी दखल घेतली नाही, ते किती बरोबर होतं, हे मला चार दिवसांनी कळलं.)

त्या फेरीत एकाही दाराने मला परत पाठवलं नाही. हरिप्रसाद काकांनी कुत्रा बांधला, तांदूळ कपाळाला लावले आणि डोळे पुसले. मला वाटलं, शिक्षणाची ओढ.

शनिवारी जेवून मी खडू शोधून हातात घेतला. एवढ्यात अंगणात खडखडाट झाला. पाहतो तो हरिप्रसाद काकांची बैलगाडी, तिच्यात वीसेक बांबू आणि माडाच्या झावळ्यांचा ढीग. मागून चार धडधाकट पुरुष.

“कुटं घालायचा साल वेर?” काकांनी विचारलं. “हितं अंगणात, का बैठकेपुडं?”

साल वेर म्हणजे झावळ्यांचा हिरवा मांडव. आमच्याकडे तो फक्त लग्नात घालतात.

“काका, मांडव कशाला?”

“मंग पावण्यांना उन्हात बसवतंस?”

मी तोंड उघडायच्या आत बायकांची रांग आली. प्रत्येकीच्या डोक्यावर घरातली सगळ्यात मोठी डेगची, हातात विळी नाहीतर सुरी. कुणी लाल भोपळा आणला होता, कुणी फणस. लग्नाच्या जेवणाला सात भाज्या लागतात आणि त्यांनी अकरांचं सामान आणलं होतं. सगळ्यांच्या पुढे भगवती मौसी. ती माझ्याकडे न बघता सरळ स्वयंपाकघरात गेली आणि विद्यावतीला पोटाशी धरलं.

“रडू नको, पोरी,” ती म्हणाली. “आम्ही हाव.”

“मी कुटं रडतेय, मौसी?”

“मनात रडतंस. मला कळतंय. नवरा दुसरी बायको करतो नि वर तुजंच नाव सांगतो, तुजीच इच्छा हाय म्हणून. आयो, काय धीर या माणसाचा.”

झालं होतं ते असं. तांदूळ मिळाल्यावर गावाने हिशोब मांडला. लग्न कुणाचं? निर्मला आमची पोर नऊ वर्षांची, तिचं नव्हे. मला भाऊ नाही, विद्यावतीला लग्नाची बहीण नाही. उरलो मी. मी नवऱ्यामुलाचं नाव घ्यायचं टाळतो म्हणजे लाजत असणार. हरिप्रसाद काकांचे डोळे ओले झाले होते ते विद्यावतीच्या दुःखाने. आणि तरीही ती सगळी माणसं आली होती, कारण हळदीचे तांदूळ हातावर पडले होते.

विद्यावतीने माझ्याकडे पाहिलं. बारा वर्षांच्या संसारात तिने मला खूपदा पाहिलं आहे, पण असं नाही.

“मी लग्न करत नाही,” मी ओट्यावर उभा राहून जाहीर केलं. “वर्ग आहे.”

लग्न असतं तर बरं, असं काही चेहऱ्यांवर स्पष्ट दिसत होतं.

“वर्ग,” हरिप्रसाद काका हळूच म्हणाले. “त्यासाटी मी बांबू तोडले.”

“हळदीच्या तांदळाची थट्टा करतंस?” भगवती मौसीने विचारलं, आणि तिच्या हातात सुरी होती. मी पुन्हा ‘शिक्षणाचे महत्त्व’ सुरू करणार होतो (माणूस बुडताना हाताला लागेल ते धरतो), तेवढ्यात विद्यावती पुढे आली.

“मौसी, गेल्या लग्नातली तुमची मोठी डेगची मिळाली?”

मौसीचा राग जागच्या जागी वळला. “कुटली मिळते. ग्रां बुआला कुणाच्या चुलीवर हाय देव जाणे. मी मुठीला लाल चिंधी बांधलेली. सगळ्यांनीच लाल चिंधी बांधलेली.”

दर लग्नानंतर आमच्या गावात हे भांडण होतं. डेगच्या गोळा होतात साठ, परत जाताना कुणाची कुणाकडे. सख्ख्या जावा त्यावरून बोलायच्या बंद झाल्या आहेत.

“मग चिंधी कशाला? नाव लिवा,” विद्यावती म्हणाली. तिने आमची डेगची उपडी घातली. बूड चुलीच्या काजळीने काळंकुट्ट. माझ्या हातातला खडू काढून घेतला आणि त्या काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं: विद्यावती. मंडळाच्या पुस्तकावरून ती गुपचूप गिरवत होती, हे मला तेव्हाच कळलं. तिरकं झालं होतं, शेवटची वेलांटी मुठीवर चढली होती, पण वाचता येत होतं. “ही माझी. आता कोण नेतो बगू.”

भगवती मौसीने सुरी खाली ठेवली. “माजं लिव.”

“मी नाही. तुम्हीच लिवा. मी दाखवते.”

काका झावळ्यांचा मांडव घालूनच मोकळे झाले, कारण बांबू परत नेणं अपशकुन. त्या सावलीत तीस माणसं उपड्या डेगच्यांपुढे मांडी घालून बसली. भाज्या आणल्याच होत्या, म्हणून त्या चिरल्या, शिजवल्या आणि खाल्ल्याही. मी मास्तर म्हणून मधून फिरत होतो. कुणीतरी मला फणस ढवळायला सांगितलं.

पुढच्या शनिवारी ती सगळी पुन्हा आली. मी बोलावलं नव्हतं. झालं असं, की डेगची चुलीवर चढली, घासली गेली आणि नाव पुसलं. पुन्हा लिहायला हवं. त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा. महिन्याभरात नाव पाठ झालं, मग गाव, मग ‘ही डेगची माझी आहे’, मग ‘परत न देणाऱ्याचं तोंड बघणार नाही’. एवढं मोठं वाक्य मंडळाच्या पुस्तकात बाविसाव्या पानावर येतं. रात्री जेवताना विद्यावती माझ्याकडून पुढचा धडा समजून घ्यायची आणि शनिवारी तो डेगच्यांवर यायचा. माझ्याकडे वर्गातली दोन कामं उरली. खडू आणणं आणि चहा करणं.

परीक्षेला बारा जणांनी नाव दिलं. परीक्षक चंद्रमोहनजी पोर्ट लुईहून बसने आले. पण ऊसतोड सुरू झाली होती. त्याच सकाळी मळ्याच्या सरदाराने, म्हणजे मुकादमाने, तिघांना कामावर बोलावून नेलं. चंद्रमोहनजींनी मोजलं. नऊ.

“दहा लागतात,” ते म्हणाले. “मला वाईट वाटतं. पण नियम आहे.”

विद्यावती पहिल्या चटईवर बसली होती. नवी पेन्सिल, धुतलेली साडी. तिने पेन्सिल नीट पदरात गुंडाळून ठेवायला घेतली.

“मी बसतो,” मी म्हणालो.

“तुम्ही मास्तर ना? मास्तरला परीक्षेला बसता येत नाही.”

“कोण मास्तर?” भगवती मौसी म्हणाली. “ह्यो बलराम? ह्यो चहा करतो.”

“साखर जास्ती घालतो,” हरिप्रसाद काकांनी साक्ष दिली.

“मग इथे शिकवतं कोण?”

विद्यावतीचं नाव घेतलं तर तिचीच परीक्षा जाणार, हे सगळ्यांना एकदम उमगलं. बाकीच्या आठही जणांनी जमिनीकडे पाहिलं. मग मौसी म्हणाली, “डेगच्या शिकवतात.”

चंद्रमोहनजींनी भिंतीशी लावलेल्या उपड्या डेगच्यांची रांग पाहिली. जवळ जाऊन, चष्मा वर करून, एकेक बूड वाचलं. एकावर ‘परत न देणाऱ्याचं तोंड बघणार नाही’ होतं. परत आले तेव्हा ते विद्यावतीकडे बघत होते.

“डेगच्यांना मला बसवता येणार नाही,” ते मला म्हणाले. “तुम्ही बसा.”

मला तिच्या मागची चटई मिळाली. ती खाली वाकून लिहीत होती. आधी वर स्वतःचं पूर्ण नाव, सावकाश, आणि लिहून झाल्यावर क्षणभर थांबून तिने ते पाहिलं. मग पुढे. अडली की पेन्सिल केसांत खुपसायची, सुचलं की काढायची. मला इतकं बरं वाटत होतं, की मी बघतच राहिलो. घंटा झाली तेव्हा ती उठली आणि मी पाहिलं, की नाव आणि तारखेखाली माझा कागद कोराच होता.

महिन्याने टपाल आलं. पाकिटावर नाव तिचं. आत तिचं प्रमाणपत्र आणि चंद्रमोहनजींच्या हातचं पत्र. ते तिनेच वाचलं, मोठ्याने, अंगणात उभं राहून, कुठेही न अडखळता.

“सौ. विद्यावतीबाईंस नमस्कार. आपल्या केंद्रात दहापैकी नऊ विद्यार्थी उत्तीर्ण झाले, याचा मंडळाला आनंद वाटतो. एक विद्यार्थी, श्री. बलराम, यांनी उत्तरपत्रिकेवर स्वतःचं नाव आणि तारीख एवढंच लिहिलं आहे. मोठ्या वयात शिकणाऱ्यांना भीती वाटते. त्यांना रागावू नये. त्यांचं मन वर्गात रमेल असं पाहावं आणि त्यांना मध्येच शिक्षण सोडू देऊ नये.”

तिने पत्राची नीट घडी घातली. डोळे पुसले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“नाव तर बरोबर लिहिलंत,” ती म्हणाली. “पहिल्या वर्षाला तेवढं पुष्कळ झालं.”