नानांची कळ उतरत नाही!

"तीस वर्षांत या तोंडातून एक वेडावाकडा शब्द गेलेला नाही!" ओक्येआमे, म्हणजे राजाच्या वतीनं बोलणारा, न्सिया अख्ख्या गावाला ऐकवायचा. खोटं नव्हतं ते. राजानं, म्हणजे नाना अम्पेम यांनी, चारचौघांत स्वतः बोलायचं नसतं. नाना न्सियाच्या कानात पुटपुटणार, आणि न्सिया सोन्याच्या मुठीची काठी आपटून तेच तूप लावून जगाला सांगणार. नानांनी जिल्ह्याच्या साहेबाला "रेडा" म्हटलं, तर यानं "आपलं बळ अफाट" असं सांगून गावाला रस्ता मिळवला!

पण त्या दुपारी फुफूचा तिसरा घास घेता घेता नाना कुशी धरून आडवेच झाले. थेट कुमासी शहरातलं इस्पितळ, तातडीचा विभाग. खाटेभोवती सात म्हातारे मानकरी.

"काय होतंय?" डॉक्टर सेरवाबाईंनी विचारलं.

नाना न्सियाच्या कानात कण्हले, "मेलो रे! कुशीत कुणी सुरा फिरवतंय!"

न्सियानं काठी आपटली. "नानांना किंचित उष्मा जाणवतो."

"मग घामानं चादर का भिजली?"

"तेज आहे ते, डॉक्टरबाई!"

"ओक्येआमे, तेज पुरे! कुशीत अशी एकाएकी कळ आली की बहुतेक मुतखडाच असतो. पण सत्तरीच्या माणसाची पोटातली मोठी रक्तवाहिनीही फुटत असू शकते. तसं असलं तर तासाभरात खेळ खलास! खडा असेल तर कळ जांघेत उतरते. उतरते का? नीट विचारा."

"उतरते! पार खाली, नको तिथं!" नाना कुजबुजले.

न्सियानं खाटेभोवती नजर फिरवली. सात मानकऱ्यांपुढे राजाची जांघ काढायची?

"उतरत नाही!" तो गरजला. "अम्पेम घराण्याला उतरणं ठाऊकच नाही!"

मानकऱ्यांनी माना डोलावल्या. डॉक्टरबाई मात्र दाराकडे धावल्या.

"उतरत नाही? अरे देवा! सोनोग्राफीचं मशीन आणा! सर्जनला बोलवा! चार पिशव्या रक्त! पोट उघडावं लागणार बहुतेक!"

न्सियाच्या एका देखण्या वाक्यानं नानांचं पोट फाडायला काढलं होतं! त्यानं तोंड उघडलं. पण तीस वर्षं तुपात मुरलेली जीभ खऱ्याकडे वळेचना!

"म्हणजे... नाना... तसं पाहिलं तर..."

आणि आक्रीत घडलं. नाना ताडकन उठून बसले आणि सारं इस्पितळ हादरेल असे ओरडले, "उतरते! जांघेत उतरते! सकाळी लघवी लाल झाली! हा गाढव थापा मारतोय!"

राजा स्वतः बोलला! दोन मानकरी भिंतीला टेकले, एक मटकन खाली बसला, एकानं प्रायश्चित्ताला मेंढा कापायची गोष्ट काढली. नर्सच्या हातातली सुई खाली पडली!

डॉक्टरबाईंनी मशीन फिरवलं. रक्तवाहिनी ठणठणीत! मूत्रपिंडाच्या तोंडाशी मक्याच्या दाण्याएवढा खडा अडकलेला. इंजेक्शन गेलं, कळ ओसरली, नाना पुन्हा राजासारखे दिसू लागले. त्यांनी बोटानं न्सियाला जवळ बोलावलं आणि त्याच्या कानात बराच वेळ, दातओठ खाऊन, काहीतरी सांगितलं.

"काय म्हणाले नाना?" मानकरी पुढे सरसावले.

न्सियानं सोन्याच्या मुठीची काठी हळूच खाटेला टेकवून ठेवली. घसा खाकरला.

"नाना म्हणतात, तीस वर्षांच्या सेवेबद्दल मला दीर्घ विश्रांती मंजूर झाली आहे. आजपासूनच."