कुणी न बोलावलेली फंक्शन्स

बद्रीनाथ सरांचा कोणावरच विश्वास नव्हता. मंडईत भेंडी घेताना ते प्रत्येकीचं टोक मोडून बघत, मग येरवड्याच्या ऑफिसात दुसऱ्याचा कोड कशाला सोडतील? शुक्रवारी सकाळी ते बुद्धभूषणच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. बुद्धभूषणचं सहा महिन्यांचं प्रोबेशन त्याच संध्याकाळी संपत होतं, आणि पोरगं कायम झालं असं त्याच्या आईने नागपुरात आधीच सांगून टाकलं होतं.

"आपल्या वेबसाइटवर प्रोबेशनचे निर्णय द्यायचा भाग तुम्ही लिहिलात ना? त्यात 'मुदत वाढवा' नावाचं फंक्शन आहे. अख्खा कोड शोधला. त्याला कुणीच बोलावत नाही."

"फ्रेमवर्क, म्हणजे वेबसाइटखालची तयार यंत्रणा बोलावते, सर. दाबलेल्या बटणाचं नाव आत जातं आणि त्या नावाचं फंक्शन चालतं."

"म्हणजे बोलावणारा दिसत नाही, पण काम होतं."

"हो सर."

"आमच्या कसब्यात अशा कामाला पोलीस बोलावतात."

सरांना काळंबेरं दिसू लागलं. दुपारी त्यांनी स्वतःच्या हाताने 'मुदत वाढवा' आणि 'नोकरी थांबवा' ही दोन्ही फंक्शन्स उडवली. 'कायम करा' तेवढं वाचलं, कारण त्याला बोलावणारी ओळ ढळढळीत दिसत होती. शेवटच्या दिवशी सहापर्यंत साहेबांनी, म्हणजे इथे सरांनीच, काही ठरवलं नाही, तर माणूस आपोआप कायम, असा कंपनीचा नियम होता आणि ती ओळ त्याचसाठी होती.

साडेपाचला सरांनी ठरवलं, असल्या माणसावर अजून तीन महिने नजर ठेवायची. त्यांनी वेबसाइटवर बुद्धभूषणच्या पानावरचं 'मुदत वाढवा' बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. कागदावर निर्णय देण्याची सोय त्यांनीच बंद करवली होती, कारण कागद कोणीही बदलतो. दुपारी आपण काय उडवलं हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. बिचाऱ्यांना स्वतःचा संशय घ्यायची सवयच नव्हती.

पावणेसहाला ते पुन्हा खुर्चीमागे आले.

"बटण चालत नाहीये. बघा जरा."

"कोणतं बटण, सर?"

"आहे एक."

"कोणाच्या पानावरचं?"

सर छताकडे बघू लागले. "सगळी बटणं बघा."

बुद्धभूषणने पहिल्या पानापासून मन लावून सुरुवात केली. सर घड्याळ बघत मागे उभेच होते. सहा वाजता त्याच्या पडद्यावर मेल आली. त्याने ती दोनदा वाचली आणि त्याचे डोळे भरून आले.

"थँक यू सर. मला वाटलं होतं, तुमचा माझ्यावर विश्वास नाही." त्याने डोळे पुसले आणि पुन्हा कीबोर्ड ओढला. "आता सांगा, कोणतं बटण?"

"राहू दे," सर म्हणाले. "आता घरी फोन करा."